सहादूभाऊंची पेंड

सहादूभाऊ गावितांच्या हाताला गुण आहे, असं वणीच्या आसपासचे मासेवाले म्हणायचे. मूळचे सुरगाण्याकडचे हे गृहस्थ अकरा वर्षं खंडेरावांच्या मत्स्यबीज केंद्रावर, तळ्याकाठच्या खोलीत, बायको मालनबाईंबरोबर राहत होते. रोहू-कटल्याचं जिरं, म्हणजे नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं, तळ्यात सोडली की त्यांना खायला घालायचं काम भाऊंचं. शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा ते बारीक दळायचे, मालनबाईंच्या जुन्या लुगड्यातून चाळायचे आणि पाण्यावर शिंपडायचे. पिल्लं बोटाएवढी झाली की येईल त्याला सांगायचे, "माझ्या पेंडीवर वाढल्यात."

१९९९ साली मी मत्स्यशास्त्राची पदवी मिरवत तिथं नोकरीला लागले, तेव्हा खंडेरावांच्या डोक्यात द्राक्षं शिरली होती. एक सोडून सगळी तळी त्यांनी बुजवलीही होती. मी फारच मागे लागले म्हणून त्यांनी एक पावसाळा दिला. सिमेंटच्या टाकीत मागूर माशाची पिल्लं वाढवून दाखवा, नाहीतर उरलेलंही बुजवतो, म्हणाले. त्यात भाऊंची खोली जाणार होती. मग पुन्हा टोळीबरोबर मळ्यामळ्यांतून मजुरी आणि दर हंगामाला नवं पाल. पन्नाशीच्या माणसाला त्याची धास्ती होती.

मागूरच्या पिल्लाला तोंड लवकर फुटतं, पण पचवणारं पोट तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर पाण्यातले जिवंत बारीक किडेच हवेत. पुढे त्यात खाद्याची थोडी थोडी भुकटी मिसळत सवय लावायची. हे मी भाऊंना समजावलं. "तुमी सांगाल तसं, ताई," ते म्हणाले, आणि शेणखत घातलेल्या त्या उरलेल्या तळ्यातून रोज सकाळी फडक्यानं किडे गाळून आणू लागले.

पिल्लं खायला लागल्यावर पाचव्या दिवशी त्या तळ्यातले किडे संपत आले. भुकेली पिल्लं टाकीच्या कडेशी घुटमळायला लागली. भाऊंना ते बघवेना. मला न विचारता त्यांनी चाळलेली पेंड टाकली आणि दुपारी हाक मारून मला नेलं.

"बघा, पोटं कशी टम्म झाल्यात."

खरंच टम्म होती. मीही खूश झाले. मला शिकवलेलं सगळं त्या गोल पोटांपुढे विसरले आणि दुसरीकडून किडे आणायचा विचार सोडून दिला.

नवव्या दिवशी टाकीच्या तळाशी मेलेल्या पिल्लांचा थर बसला. पोटं भरलेली, अंगं मात्र सुतासारखी. मी एक पिल्लू भिंगाखाली फाडलं. आतड्यात पेंड जशीच्या तशी होती. भाऊंनीही डोळा लावून पाहिलं आणि टाकीच्या कठड्यावर जाऊन बसले.

"मंग ताई," त्यांनी विचारलं, "अकरा वर्सं माझी पेंड कोन खात व्हतं?"

मी चिडलेली होते, त्यांच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर. तोंडाला आलं ते बोलून गेले.

"थोडी मासे खात असतील. बाकीची कुजायची, त्यावर किडे व्हायचे. पिल्लं त्या किड्यांवर जगायची, भाऊ. तुमच्या पेंडीवर नाही."

उत्तर बहुतेक खरं होतं, पण ते द्यायची काहीच गरज नव्हती. भाऊंनी मान हलवली आणि टाकी धुवायला घेतली. दिवाळीच्या आत शेवटचं तळं बुजलं. भाऊ आणि मालनबाई टोळीबरोबर गेले.

२००६ मध्ये वणीच्या एसटी स्टँडवर मालनबाई भेटल्या. कडेवर वर्षाचा नातू होता. मी भाऊंची चौकशी केली.

"हायेत. मळ्यावर जात्यात," त्या म्हणाल्या. मग नातवाच्या उष्टावणाचं सांगू लागल्या. पहिला घास आजोबांनी भरवायचा, असं सुनेनं ठरवलं होतं. भाऊंनी खिरीची वाटी घेतली, पोराच्या पोटावरून हात फिरवला आणि वाटी खाली ठेवली.

"म्हनले, ह्याचं पोट आतून तयार हाय का नाय, मला काय कळतंय. सून लय रडली. आजून बी हे त्याला एक घास भरवत नायत."

मी भाऊंना काय बोलले होते, ते मालनबाईंना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.