मेजर कोणता घ्यायचा?

बारावीनंतर नीटमध्ये माझा काही नंबर लागला नाही. त्याचं दुःख मी एक-दोन दिवस केलं. नातेवाइकांनी महिनाभर पुरवून पुरवून केलं. तोवर मी ठरवूनही टाकलं होतं की मुरबाडला बी.एस्सी. करायची आणि मग मेडिकल लॅबचा डिप्लोमा. म्हणजे रक्त, थुंकी, लघवी तपासायची. "शी!" म्हणाली धाकटी बहीण. घरातला सगळ्यात आटोपशीर सल्ला तोच.

अडलं होतं एकाच गोष्टीवर. हल्ली पहिल्याच वर्षी मुख्य विषय निवडावा लागतो, त्याला मेजर म्हणतात. मला प्राणीशास्त्र हवं होतं. पण जिला शिकायचंय तिला विचारायची आमच्याकडे रीतच नाही. काका मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. ते म्हणाले, केमिस्ट्री घे, कंपनीत लावतो. मी म्हटलं, मला कंपनीत नाही, लॅबमध्ये जायचंय. "मंग कंपनीतपन लॅब हाय!" काकांचं उत्तर तयार. मामा म्हणाला, बॉटनी घे, तिथे गर्दी नसते. जणू मी एसटीत बसायला जागा शोधत होते. शेजारच्या वहिनीच्या भावाने बी.एस्सी. अर्धवट सोडलेली, त्यामुळे तो या विषयातला जाणकार. त्याचं मत असं की कुठलाही घे, शेवटी सगळं सेमच. मी कपाळाला हात लावला.

वडील या गदारोळात कुठेच नव्हते. विचारलं की म्हणत, "बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ हो असतो की नाही, हे आईलाही इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

तेवढ्यात भाताची आवणी आली. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, भात लावायला मदत म्हणून टोकावड्याहून आली होती. चिखलात वाकल्या वाकल्या आई तिला म्हणाली, "पोरीचं मेजरवर अडलंय. मेजर कोनता घ्यावा तेच ठरत नाय."

आत्याने रोपांची मूठ तशीच हातात धरून कंबर सरळ केली. "मेजर पायजे तुला? अगो, मंग आदी नाय सांगायचं!"

मला वाटलं, हिच्या ओळखीचं कुणी कॉलेजात असेल. मी आपली भाबडेपणाने म्हणाले, "हो आत्या, पण लवकर बघ. आठवडाच राहिलाय."

आता आमच्याकडे फौजेतल्या कुणालाही मेजरच म्हणतात, मग तो तिथे ट्रक चालवो नाहीतर भात शिजवो. रविवारी दुपारी आत्या असाच एक मेजर आणि त्याचे आईबाप घेऊन दारात हजर.

"हे कोण?" मी तिला आत ओढून विचारलं.

"मेजर. तूच बोललीस ना, लवकर बघ?"

मी तिला मेजर-मायनर सगळं समजावून सांगितलं. आईला हसू आवरेना. पोट धरधरून हसली, पण पोहे भिजवायची काही थांबली नाही! काका म्हणाले, चुकून का होईना, स्थळ चांगलं आलंय, पेन्शनचा माणूस आहे. मामाने लगेच मान डोलावली. मेजर बिचारा जमिनीकडे बघत बसला होता. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? त्याच्या आईने मला आवणी जमते का विचारलं आणि माझ्या नखांतला चिखल बघून तिचं समाधान झालं.

विषय कुठला घ्यावा यावर ज्या घराचं महिनाभर एकमत झालं नाही, त्याच घराचं नवरा कुठला घ्यावा यावर चहा संपायच्या आत झालं. मला रडू आलं ते याचं. आत्या चुकली होती हे सगळ्यांना कळलं होतं, पण ती चूक दुरुस्त करायची कुणालाच घाई नव्हती.

"शिकायला काय, लग्नानंतरपन येतं," काका म्हणाले.

वडील पाहुण्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले. परत आल्यावर मी त्यांना दारातच गाठलं. "काय सांगितलंत त्यांना?"

"सकाळी मुरबाडला जायचंय," एवढंच बोलले आणि हातपाय धुवायला गेले.

मुरबाडला कशाला? कॉलेजात की लग्नाच्या सुपारीच्या खरेदीला? संतापाच्या भरात मी सगळे दाखले पिशवीत कोंबले. ठरवलं की कापडाच्या दुकानात नेलं तर तिथून एकटीच कॉलेजात जायचं. सकाळी जीपमध्ये वडील खिडकीबाहेर बघत राहिले. स्टँडवर उतरलो. कापडाचं पहिलं दुकान आलं, गेलं. दुसऱ्यापाशी ते थांबले, तशी मी पिशवी काखेत मारून एकटीच निघायच्या तयारीला लागले. त्यांनी वाकून चपलेतला खडा काढला आणि पुढे चालू लागले.

कॉलेजच्या खिडकीशी रांग होती. आमचा नंबर आला. आतल्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, "मेजर?"

मी तोंड उघडायच्या आत वडील पुढे सरकले. घरात कधी ऐकला नव्हता अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मेजरला आमी नाय म्हनून सांगितलं, साहेब. पोरीला शिकायचंय."