भावजींच्या हातचं वेटोळं

धाकटी जन्माची भित्री. झुरळाला भिते, लिफ्टला भिते, मोठ्याने बोलणाऱ्या डॉक्टरला भिते; आणि पोट भरायला तिने काम निवडलं ते गुन्हेगार शोधण्याचं. तपास शाखेत नेमणूक झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी तिची ताई हसून हसून खाली बसली. "चोर समोर आला तर हीच आधी पलंगाखाली जाईल," असं तिने शेजारपाजारी सांगून टाकलं. धाकटीला राग आला नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण भित्र्या माणसाची नजर कधी स्वस्थ बसत नाही, हे लोक विसरतात. खोलीत पाऊल टाकताच धाकटी दारं मोजते, कड्या बघते, कोणती वस्तू काल इथे नव्हती ते तिला आपोआप कळतं. शाखेच्या प्रमुख बाईंनी हे पहिल्याच महिन्यात हेरलं आणि तिला फोटोंच्या टेबलावर बसवलं. धिप्पाड गडी बाहेर दारं ठोठावत फिरायचे, आणि ही पंख्याखाली भिंग घेऊन बसायची. एकदा धुळीने भरलेल्या फळीवरचा एक स्वच्छ गोल पाहून हिने सांगितलं, की इथली बरणी कालच हलवलीय. त्या बरणीपायी एक खून उघडा पडला. शाखेत तिचं नाव झालं. तिला मात्र पुढे आठवडाभर जेवण गेलं नाही.

आईवडील लवकर गेले. ताईचं लग्न झालं तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती आणि ताईच्या सामानाबरोबरच ती भावजींच्या घरी आली. दुसरा कोणी असता तर त्याने चार दिवसांत नाक मुरडलं असतं. भावजींनी तिला दप्तर आणलं, छत्री आणली, आणि ती झोपायच्या आधी रोज पलंगाखाली टॉर्च मारून "कोणी नाही" असा अहवाल दिला. पुढे पाच वर्षं दिला. तोवर ती चौदाची झाली होती, पण बंद करा म्हणायचं दोघांच्याही जिवावर आलं.

भावजी साउंडवाले. कार्यक्रमांना स्पीकर लावायचे, माइक लावायचे, आणि सगळं संपलं की मैलभर वायर गोळा करायची. सुट्टीत ते धाकटीला बरोबर न्यायचे आणि वायर कशी गुंडाळायची ते शिकवायचे. "दाबायचं नाही तिला. एक वेढा वरून, एक खालून, म्हणजे पुन्हा सोडताना गाठ पडत नाही." भावजी डावखुरे, त्यामुळे त्यांचं वेटोळं सगळ्या जगाच्या उलट्या दिशेने फिरायचं. वर बांधायला ताईने शिवणातल्या चिंध्यांच्या पट्ट्या करून दिलेल्या असायच्या. वायर जमिनीवर विस्कटलेली दिसली की भावजींचा हात शिवशिवायचा. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले तरी टीव्हीमागची वायर नीट करून यायचे, आणि ताई डोळे वटारायची.

एका नावाजलेल्या बँडमधल्या तिघांचं अपहरण झालं तेव्हा शहराने जेवण सोडायचंच बाकी ठेवलं होतं. गाणारी मुलगी, गिटारवाला आणि ड्रमवाला. रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्यांची गाणी. सोमवारी दुपारी सरावाच्या जागेबाहेरून एका व्हॅनने तिघांना उचललं. मागोमाग चिठ्ठी आली. खंडणी गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत, नाहीतर ड्रमवाल्याची बोटं पाठवू.

भावजींनी या तिघांचा साउंड नऊ वर्षं सांभाळला होता. शाळेच्या हॉलमध्ये तीस खुर्च्या मांडून ही पोरं गायची, तेव्हापासून. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नवा माणूस घेतला, भावजींना एक घड्याळ दिलं आणि निरोप दिला. घड्याळ डबीतच राहिलं. शाखेने सगळ्या जुन्या माणसांचे जबाब घेतले तसा त्यांचाही घेतला: सध्या एका नव्या स्टुडिओचं वायरिंग करतो, बाकी काही ठाऊक नाही. धाकटीने बाईंना आपण होऊन सांगितलं, की हे माझे भावजी. "दोन वर्षं झाली ना सोडून? मग बस तू तुझ्या फोटोंपाशी," बाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता फोटो आला. तिघं भिंतीला टेकून बसलेली, हात मागे, डोळे सुजलेले. मागे हिरवट पडलेली उघडी भिंत, आणि उजव्या कोपऱ्यात जमिनीवर काळ्या वायरीचं वेटोळं. एवढंच.

धाकटीने तिघांचे चेहरे पाहिले, भिंत पाहिली, आणि मग वेटोळ्यावर तिची नजर गेली ती हलेना. घाणेरड्या जमिनीवर सगळा पसारा, आणि एवढी एकच वस्तू नीटनेटकी. एक वेढा वरून, एक खालून. दिशा उलटी. तिने फोटो संगणकावर मोठा केला. वेटोळ्याला एक पट्टी बांधलेली होती, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची. धाकटीचा सातवीतला शाळेचा गणवेश तसा होता. ताईने तो फाडून पट्ट्या केल्या तेव्हा धाकटी रडली होती.

तिने फोटो बंद केला. असंख्य साउंडवाले असतात, असंख्य शाळा असतात, असं ती स्वतःला समजावत होती. पण ज्या हाताने आपल्याला लहानाचं मोठं केलं तो हात ओळखू येत नाही असं सोंग फार वेळ आणता येत नाही. कोणाला पळवून आणल्यावरही या माणसाला वायर विस्कटलेली बघवली नाही!

डोकं दुखतंय असं सांगून ती घरी निघाली. बसमध्ये तिने एकच गोष्ट घोकली: चूक माझी असू दे.

ताई स्वयंपाकघरात डबे भरत होती. एक नाही, दोन नाही, सहा.

"एवढे कोणाला गं?" धाकटीने विचारलं.

"अगं, त्या स्टुडिओवरच्या माणसांना. तीन दिवस झाले, ह्यांनी डोकं उठवलंय. अमुक घाल, तमुक नको. एका डब्यात म्हणे शेंगदाण्याचा कणही नको, कोणाचा तरी घसा सुजतो." ताईने झाकण दाबलं. "कामगार आहेत का जावई, काही कळत नाही. तू बस, तुलाही वाढते."

गिटारवाल्याच्या आईने जबाबात तेच सांगितलं होतं: शेंगदाण्याने त्याचा घसा सुजतो, कोणीतरी त्या लोकांना सांगा हो. धाकटीने जबाब स्वतः वाचला होता. ती ताईच्या समोर बसली आणि भात चिवडत राहिली. आता भावजींपुरतं राहिलं नव्हतं. त्या तिघांना तीन दिवस ताई जेवू घालत होती, आपल्या हाताने, मीठ चाखून. उद्या कोर्टात कोणी विचारलं, की ही बाई सहा डबे कोणासाठी भरत होती, तर काय सांगायचं? आणि न सांगावं तर पाच वाजता त्या ड्रमवाल्या पोराची बोटं. धाकटीला वाटलं, आत्ता ताईच्या कुशीत शिरावं आणि सगळं ओकून टाकावं. घास तोंडात घालून तिने तोंड बंद ठेवलं.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. भावजी डबे न्यायला आले होते.

"तू आज घरी?" ते दारातच थबकले.

"डोकं दुखतंय."

ते जवळ आले. कपाळाला हात लावला, मग तिचा हात हातात घेतला. धाकटीला वाटलं, आपलं काळीज आता त्यांना ऐकूच येणार. हयातभर कान लावून बसलेला माणूस.

"ताप नाही," ते म्हणाले. "पण गार पडलीयेस. कशाला घाबरलीयेस?"

खोटं बोलायला तिला जमलं नाही. जेवढं खरं सांगता येईल तेवढं तिने सांगितलं. "आज पाचला मुदत संपते. त्या मुलाची बोटं कापणार आहेत."

"छे! असं कोणी करत नाही गं," भावजी म्हणाले. "धमकी असते ती. लिहायचं म्हणून लिहितात."

"कशावरून?"

भावजींनी डबे पिशव्यांत घातले. पिशवीचा बंद दोनदा त्यांच्या हातून सुटला. त्या क्षणी धाकटीला कळून चुकलं, की या माणसाला त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाहीये, आणि म्हणूनच त्याच्यावर विसंबता येणार नाही. तिला आतापर्यंत त्यांची भीती वाटत होती. आता त्यांच्यासाठीही वाटायला लागली.

भावजी जिना उतरले तशी ती न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ पूर्ण सोडला आणि बाईंना फोन लावला. "फोटोतलं वेटोळं माझ्या भावजींच्या हातचं आहे. ते आत्ता घरातून निघालेत. निळी स्कूटर, दोन पिशव्या. त्यांना अडवू नका बाई, फक्त मागे जा. तिघं तिथेच आहेत." आवाज इतका कापत होता, की बाईंनी तिला दोनदा सांगायला लावलं.

फोन ठेवते न ठेवते तोच दारावर थाप पडली.

"ए, बरी आहेस ना?" भावजी! स्कूटरची किल्ली विसरली म्हणून परत आले होते. दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर. धाकटीने फोन छातीशी आवळला. किती ऐकलं यांनी? नळ वाहत होता, पण नळाच्या आवाजातून माणसाचा आवाज वेगळा काढणं हाच तर यांचा व्यवसाय.

"उलटी होतेय," ती कशीबशी म्हणाली.

बाहेर किल्ल्यांचा जुडगा एकदा वाजला आणि थांबला. मग भावजी म्हणाले, "पाणी पी थोडं. येतो मी."

स्कूटर सुरू झाल्याचं ऐकू आलं तेव्हा धाकटी फरशीवर बसलेली होती आणि तिचे कपडे भिजले होते. पाच मिनिटांत बाईंची गाडी खाली आली. बाईंनी जवळच्या चौकातून पाठवलेले साध्या कपड्यांतले दोघं मोटरसायकलवरून स्कूटरमागे गेलेच होते. स्कूटर नक्की तीच ना हे सांगायला बाईंना धाकटी हवी होती. रस्ताभर तिने गाडीचं हँडल सोडलं नाही.

शहराबाहेर बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता. हातभर जाड भिंती, आत कोणी ओरडलं तरी बाहेर पान हलणार नाही. आवाजाची जाण असलेल्या माणसालाच अशी जागा सुचावी. फाटकापाशी निळी स्कूटर उभी होती. धाकटीने मान हलवली आणि बाईंची माणसं आत गेली. पुढची सात मिनिटं तिने गाडीत काढली. एकदा काहीतरी फुटल्याचा आवाज आला, एकदा कोणी किंचाळलं. ही सात मिनिटं कशी गेली ते तिला आजही सांगता येत नाही. फक्त आठवतं, की तिने कोणाकोणाचे जीव मागितले त्यात भावजींचाही होता.

तिघं चालत बाहेर आली. ड्रमवाल्याच्या हातात चमचा तसाच होता; जेवता जेवता उठला होता बिचारा. दहाही बोटं शाबूत. मागून दोन अनोळखी माणसांना धरून आणलं. आत टेबलावर नवीकोरी पक्कड आणि प्लास्टिकची पिशवी मांडून ठेवलेली सापडली. असं कोणी करत नाही म्हणे!

भावजी शेवटी आले. त्यांनी गाडीत बसलेल्या धाकटीला पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. जवळून जाताना ते थांबले. "काच वर घे," ते म्हणाले. "आता इथे गर्दी होईल."

धाकटीने काच वर घेतली.

जबाबात त्यांनी काही लपवलं नाही. दोन दिवसांत सोडणार असं त्या दोघांनी सांगितलं होतं. सरावाच्या वेळा भावजींनी पुरवल्या, जागाही भावजींनीच दाखवली. का, असं बाईंनी विचारलं. "वाटलं, एकदा तरी त्यांना कळावं," ते म्हणाले. काय कळावं ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. नऊ वर्षं दुसऱ्यांचे आवाज स्वच्छ करत बसलेल्या माणसाला आपलं एक वाक्य पुरं करता येऊ नये, याचं वाईट वाटतं. म्हणून त्यांचा अपराध कमी होत नाही.

बातम्यांमध्ये "निर्भीड तरुण अधिकारी" असं झळकायला लागलं होतं, तेव्हा ही निर्भीड अधिकारी चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसून नखं खात होती. आत ताई होती. चार तास. शेवटी बाईंनीच लिहून दिलं, की हिला काही माहीत नव्हतं.

ताई बाहेर आली आणि बाकावर तिच्या शेजारी बसली. धाकटीने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"तुला कधी कळलं?"

"अकरा वाजता."

"म्हणजे माझ्यासमोर बसून जेवलीस ते कळल्यावर."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

धाकटीपाशी उत्तरं तयार होती. नियम, गुप्तता, नोकरी. ती सगळी तिने बाजूला ठेवली. "तू त्यांना सांगितलं असतंस," ती म्हणाली.

ताईने भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सांगितलं असतं. उभ्या उभ्या फोन केला असता."

"ताई..."

"आणि त्या पोराची बोटं गेली असती. कळतं मला. त्याच्या आईला बघितलं मी आत्ता, तिने माझे हात धरले. माझे!" ताईने पदराने तोंड पुसलं आणि ती उठली. "तू बरोबर केलंस. कोणी विचारलं तर मी हेच सांगीन. पण घरी येऊ नकोस. आज नको, उद्याही नको. मला तुझं तोंड बघवेल तेव्हा मी बोलवीन."

"आणि नाही बघवलं तर?"

ताई जिन्याकडे चालायला लागली. बसपर्यंत तरी सोडावं म्हणून धाकटी मागोमाग दोन पावलं गेली. मागे न वळता ताईने हात वर केला, आणि धाकटी होती तिथेच थांबली.