पत्र्याच्या टॉकीजमधले आबा

वडगावच्या टॉकीजचे डोअरकीपर आबा पावसाळ्यात खेळ सुरू होण्याआधी पडद्यासमोर स्टुलावर उभे राहत आणि सिनेमाची गोष्ट सांगत. हातात भोंगा वगैरे काही नसे. भाताच्या खाचरात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलून त्यांचा आवाज तयार झाला होता.

गोष्ट सांगण्याचं कारण छप्पर होतं. टॉकीजला चारी बाजूंनी पत्रा आणि वरही पत्रा. मावळातला पाऊस त्यावर पडू लागला की पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवत. पुढे बाकं होती, डाव्या हाताला बायकांची जागा, मागे कचेरीतल्या लोकांसाठी थोड्या खुर्च्या. मी कचेरीत कारकून होतो, त्यामुळे त्यांतली एक माझी. ढेकूण सगळ्यांना सारखे चावत. गळत असे तिथे लोक छत्री उघडून बसत आणि मागचे त्यांच्या नावाने ओरडत. लोणावळ्याचं थिएटर याहून कितीतरी चांगलं. पण डोंगराकडेच्या वाडीवरून आलेल्या बाईला आठवड्याचा बाजार उरकून लोणावळ्याला जाणं जमणारं नव्हतं. इथे बाजारची पाटी बाकाखाली सरकवून तिला दुपारचा खेळ पाहता येई.

तरी आषाढ लागला की मालक टॉकीज बंद ठेवत. ऐकू न येणाऱ्या सिनेमाला कोण येणार? एका वर्षी त्यांनी मशीन विकून तिथे भाताची गिरणी घालायचं ठरवलं. आबा त्यांना म्हणाले, "ऐकू येत न्हाई, येवढंच ना? मी सांगतो की." मालक हसले, पण आषाढातले बाजार होईपर्यंत थांबायला तयार झाले. लोक आले तर टॉकीज, नाहीतर गिरणी.

सिनेमा आधी लोणावळ्याला लागे. आबा लोकलने जाऊन तो पाहून येत आणि परतीच्या गाडीत मनाशी घोळवत. सिनेमे हिंदी, पण आबांच्या तोंडून ते मावळात घडत. "हिरोचा बाप लय श्रीमंत," ते सांगत, "लोनावळ्याला बंगला बांदून वर्सभर कुलूप लावत्यात ना, तसला." कोरड्या दिवसांतही आपल्याला निम्मं कळत नव्हतं, हे बायकांच्या तेव्हा लक्षात आलं. शेवट मात्र आबा सांगत नसत. "त्यो तुमी बगा. तितं बोलनं कमी असतंय."

आषाढातल्या शेवटच्या बाजारी मालक स्वतः येऊन बसले. टॉकीज अर्धी भरली होती. आबांनी सांगितलं की हिरोची आई पुरात वाहून जाते आणि मरते. मध्यंतरानंतर आई पडद्यावर चालत आली आणि चुलीपुढे बसली.

"आबा, तुमची मेल्याली म्हातारी भाकऱ्या थापतीया," पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

आबांनी हात करून मशीन थांबवायला लावलं आणि ते स्टुलावर चढले. "चूक माजी हाय. मी बगितला तवा ही म्हातारी परत आलीच न्हवती." ते खरं होतं. लोकांना लोकल गाठता यावी म्हणून लोणावळ्याला त्या दिवशी एक रीळ गाळलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. मालकांनी घड्याळ पाहिलं.

तेव्हा वाडीवरची बायजाबाई उठली. पाऊस चालूच होता, पण तिचाही आवाज ओढ्यापलीकडे जाणारा. "खाली उतरा आबा. म्हातारी कशी वाचली त्ये मी मगाशी बगितलंय. मी सांगते."

तिने सांगितलं. दुसरीने ते खोडून काढलं. तिसरी म्हणाली, "ती आई न्हाईच मुळी, मावशी हाय." वाद पुरुषांच्या बाकांपर्यंत गेला. मशीन पुन्हा सुरू झालं तरी बोलणं थांबलं नाही, आणि कोणी उठूनही गेलं नाही. बाहेर पडताना मालकांनी आबांना एवढंच विचारलं, "पुढच्या बाजाराला कुठला सिनेमा आणायचा?"

टॉकीज राहिली. काही वर्षांनी मालकांनी पत्र्याखाली फळ्या मारल्या, त्यावर गोणपाट घातलं, नवा कर्णा आणला. पावसातही ऐकू येऊ लागलं आणि आबा दारावर परतले. पुढे थकल्यावर ते देहूरोडला मुलाकडे राहायला गेले. मी तिथे गेलो तेव्हा म्हणाले, "हितलं थेटर लय बेस हाय. खुर्ची मऊ. पन मला आता कमी ऐकू येतं, आन् शेजारच्याला काय इचारलं तर त्यो गप बसा म्हनतो."

त्यानंतर एका बाजारी ते वडगावला आले. तिकीट काढून आत शिरले आणि बायकांच्या जागेलगतच्या बाकावर बसले. खेळ सुरू होऊन थोडा वेळ गेल्यावर ते डावीकडे वाकले.

"ह्यो कोन गं?"

"सावत्र भाऊ," बायजाबाई म्हणाली. "जरा हिकडं सरका. सुरवातीपास्नं सांगते."