बर्फात पुरलेलं इन्सुलिन

पालघरच्या किनाऱ्यावरच्या दांडी या मच्छीमार गावात बर्फावर सगळ्यांचा भरवसा. जे नासू नये ते बर्फात. म्हणून डॉक्टरांनी "बाटली थंड ठेवा" म्हटल्यावर माझ्या मावशीने लेकीचं इन्सुलिन मासळीच्या पेटीत, मीठ मारलेल्या बर्फाच्या पोटात पुरलं. मधुमेह झालेल्या पोरीसाठी याहून मोठी काळजी तिला ठाऊकच नव्हती.

सुई रोज टोचली जात होती, तरी पोर सुकत चालली. प्यायचं पाणी पुरेना, लघवी थांबेना.

"सुया टोचून रगत आटवलंस पोरीचं," शेजारीण म्हणाली. "बंद कर आता."

मावशी डगमगली. मी चळवळीची पत्रकं वाटायला तिथे गेले होते. म्हटलं, "मावशे, सुई बंद केलीस तर पोर हातची जाईल."

"आनि चालू ठेवून काय भलं होतंय? सांग ना, कागदवाले!"

पोर आणि बाटली दोन्ही घेऊन आम्ही बोईसरमार्गे पालघर गाठलं. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. आत पांढरे कण तरंगत होते.

"हे गोठलेलं आहे. याचा उपयोग गेला."

मग त्यांनी समजावलं. इन्सुलिन म्हणजे पोटातल्या एका ग्रंथीने रक्तातून धाडलेला निरोप: साखर आली आहे, आत घ्या. पोरीची ग्रंथी तो धाडत नाही, म्हणून तो सुईतून द्यायचा. गोठला की त्याची घडण मोडते. मग रक्तात साखर मावत नाही आणि अंग मात्र उपाशी. भरल्या रक्तातली ही उपासमार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

नव्या बाटलीतल्या सुया सुरू झाल्या. काही दिवसांनी पोरीने पाण्याऐवजी बोंबलाचं कालवण मागितलं, तेव्हा कुठे मावशी रडली.

मला मात्र संताप आवरेना. शेजारी तारापूरला अणूपासून वीज काढायला निघालेल्या देशात, बाटलीवर 'गोठवू नका' एवढे दोन शब्द मराठीत छापता येत नाहीत? इंग्रजीत छापलेली सूचना दांडीत कुणासाठी? घरी परतल्यावर मी पत्रकाचा मसुदा मावशीला वाचून दाखवला. ती नवी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवत होती.

"सरकारला शिव्या बऱ्या दिल्यास," ती म्हणाली. "पन बर्फ नको, हे कुठं हाय? दुसऱ्या कुनाची पोर असंल तर तिची आय काय शिव्या टोचंल? आदी ते लिही."

पत्रक आता 'बर्फ नको' इथूनच सुरू होतं. शिव्या मागच्या पानावर आहेत. एकही कमी केलेली नाही.