भिंतीवरून उचललेले दोन दगड

पक्षी बघायला सुट्टी काढून जायचं, हे मला आजही पटत नाही. कुवेतला मंगफमधल्या आमच्या फ्लॅटच्या एसीवर कबुतरं बसतात, ती अंथरुणातून दिसतात. पण बायकोला तीन वर्षांपासून पक्ष्यांचं वेड लागलं होतं. शुक्रवारी सकाळी मी घोरत असताना ती गळ्यात दुर्बीण अडकवून समुद्रावर गेलेली असायची. तिला एकच पक्षी बघायचा राहिला होता. पांढरंशुभ्र अंग, पाठीवर काळा पट्टा, उंच निळसर पाय आणि खेकडे फोडायची जाड चोच. त्याचं इंग्रजी नाव मला आठवत नाही. आमच्या घरात त्याला खेकड्या म्हणत.

हा खेकड्या फैलका बेटावर दिसतो असं तिला कळलं. सालमियाच्या धक्क्यावरून लाँच, एक रात्र मुक्काम, सोबत माहीतगार वाटाड्या. मी टाळाटाळ करत होतो, तेव्हा बाहेर शिकणाऱ्या आमच्या मुलीचा फोन आला. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते. म्हणाली, "बाबा, जस्ट गो विथ हर. शी नेव्हर आस्क्स फॉर एनीथिंग." मग गेलो. गेल्या जानेवारीतली गोष्ट.

वाटाड्या साठीच्या पुढचा, स्कॉटलंडमधल्या एका बेटावर वाढलेला माणूस होता. उन्हाळ्यात तो आपल्या बेटावर लोकांना सील आणि पाणमांजरं दाखवतो, हिवाळ्यात लेकीकडे कुवेतला आला की फैलक्यावर हेच करतो. आम्ही आठजण होतो. आम्ही दोघं, मोठाले कॅमेरे घेतलेले दोन कुवेती भाऊ आणि एका हॉस्पिटलमधल्या चार फिलिपिनो नर्स. लाँचवरच त्यानं सांगितलं, बोलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, खुणा करायच्या. पक्षी आवाजानं उठतो आणि मग दिवसभर बसत नाही. नर्सबायांचे चेहरे पडले. मला बरं वाटलं.

बेटावर पूर्वी भरलेलं गाव होतं. इराकनं हल्ला केला त्या युद्धाच्या वेळी ते रिकामं केलं गेलं आणि माणसं पुन्हा राहायला आलीच नाहीत. पहिल्या दुपारी वाटाड्यानं आम्हाला त्या गावातून नेलं, कारण तिथल्या शाळेत पिंगळे राहतात. भिंतींना गोळ्यांची भोकं, अंगणात मुलांची घसरगुंडी, स्वयंपाकघरात पांढऱ्या टाइल्स आणि कॅलेंडर काढल्यावर राहतो तसा फिकट चौकोन. एका घराच्या दाराला कुलूप होतं आणि शेजारची अख्खी भिंतच पडलेली होती. आत जायला काही अडचण नव्हती, तरी कोणी गेलं नाही. बायकोनं ते कुलूप हलवून पाहिलं. नीट लागलेलं होतं.

"परत येऊ म्हणून लावलं असेल," ती माझ्या कानाशी पुटपुटली.

मी अठरा वर्षं तेलाच्या प्लँटमध्ये सेफ्टीचं काम करतो, जळालेली माणसं पाहिली आहेत, पण त्या कुलपानं मला जितकं अस्वस्थ केलं तितकं कशानंच केलेलं नाही. हॉटेल म्हणजे किनाऱ्याजवळच्या दहा-बारा बैठ्या खोल्या. तिथला मल्याळी आचारी चहा देताना म्हणाला, "साब, उधर अकेला मत जाना. आवाज आता है."

"कैसा आवाज?"

"कुछ खास नहीं. जैसा घर में होता है, वैसा."

मी हसलो. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सहालाच उठवलं. हॉटेलसमोर, किनाऱ्याच्या अलीकडे एक कमरेएवढी पडकी भिंत होती. तशा पडक्या भिंती त्या किनाऱ्यावर जागोजागी आहेत, जुन्या कोळ्यांच्या घरांच्या. वाटाड्यानं आम्हाला एकेक दगड उचलायला लावला आणि त्यावर खडूनं आपापली खूण करायला सांगितली. जाताना दगड भिंतीवर ठेवायचा, परत आलो की आपला उचलायचा. शेवटी भिंतीवर दगड उरला, तर तो माणूस अजून बाहेर आहे. त्याच्या बेटावर त्याचे आजोबा असंच करत, म्हणाला. तिथंही धुकं पडतं आणि भरतीचं पाणी पाठीमागून येतं.

मला हे एकदम आवडलं. आमच्या प्लँटमध्ये हेच तर असतं. युनिटमध्ये शिरताना बोर्डावर आपला टॅग लावायचा, बाहेर येताना आपणच काढायचा. आग लागली तर बोर्ड बघून कळतं, आत कोण आहे. एकदा एका फिटरनं जेवणाच्या घाईत स्वतःच्या टॅगबरोबर मित्राचाही काढला. मित्र टाकीत उतरलेला होता. मी त्या फिटरला सगळ्यांसमोर असा झापला की तो रडला, आणि तीन दिवस घरी बसवला. ही हकीकत मी वाटाड्याला मोठ्या ऐटीत सांगितली. त्यानं मान डोलावली आणि ओठांवर बोट ठेवलं.

माझ्या दगडावर मी माझ्या टॅगचा नंबर लिहिला. बायकोनं एक पक्षी काढला. तिला चित्र येत नाही, तो बदकासारखा दिसत होता. दोन्ही दगड शेजारी शेजारी ठेवले.

ओहोटी लागलेली होती. पाणी दूर गेलेलं आणि मधे नुसता ओला, राखाडी चिखल. जो तो आपापली जागा धरून बसला. भरती दहापर्यंत भिंतीच्या खाली येईल, साडेआठला सगळ्यांनी परतायचं, असं ठरलं होतं. बायको माझ्यापासून पन्नास पावलांवर छोट्या घडीच्या स्टुलावर बसली होती. आठच्या सुमारास धुकं आलं. कुवेतला हिवाळ्यात धुकं पडतं, पण ते रस्त्यावर गाडीच्या दिव्यांत पाहिलेलं. हे समुद्रावरून चालत आलं, अगदी खाली, आधी आमचे पाय घेत. वाटाड्या लांब बसलेल्यांना आणायला निघाला आणि आम्हाला हातानं खूण करून गेला, मागे फिरा.

मी उठलो. वळून पाहिलं तर बायकोचा लाल स्वेटर माझ्या मागे निघालेला दिसला. मी पुढे, ती मागे, आम्ही सत्तावीस वर्षं असेच चालतो. मला थंडी वाजत होती, चहा हवा होता. भिंतीशी आलो, माझा दगड उचलला. आणि तिचाही उचलला.

याला काही कारण नव्हतं. मी तिचं सगळंच उचलतो. ती माझ्या इकाम्यावर, म्हणजे माझ्या राहण्याच्या परवान्यावर आहे. तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात असतो, तिचं सिव्हिल आयडीचं कार्ड माझ्या पाकिटात, माझ्या कार्डाच्या मागच्याच कप्प्यात. दवाखान्यात, बँकेत, विमानतळावर मी दोन्ही एकदम पुढे करतो. आमच्या ओळखीतल्या सगळ्या घरांत असंच चालतं, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. तसे ते दोन दगड मी एकदम जॅकेटच्या खिशात टाकले.

आचाऱ्याकडून चहा घेतला आणि भिंतीपासून वीसेक पावलांवर बाकावर बसलो. बाकीचे थंडीमुळे आत गेले, दार लावून घेतलं. बायको खोलीवर बूट बदलायला गेली असेल, असं मला वाटलं. वाटलं कसलं, खात्रीच होती, दगड खिशात होता ना. शेवटी वाटाड्या आला असावा. त्याला भिंत रिकामी दिसली आणि तोही आत गेला.

धुक्यात भिंत दिसत नव्हती. माझे स्वतःचे गुडघे धूसर दिसत होते. तेव्हा पावलं ऐकू आली. तिथली जमीन शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे, पाय पडला की कुरकुर होते. पावलं किनाऱ्याकडून आली, हळूहळू. भिंतीशी थांबली. बराच वेळ काहीच नाही. मग दगडावरून हात फिरवल्यासारखा खसखस आवाज आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी कप तोंडाशी धरून बसून राहिलो. सगळे परत आलेत, हे मला माहीत होतं. मग हे कोण? काल पाहिलेलं कुलूप आठवलं. "कोण आहे?" एवढंच म्हणायचं होतं, पण ते तोंडातून बाहेर पडेना. गप्प राहायचा नियम आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पावलं वळली आणि आली तशी निघून गेली, समुद्राकडे. मी उरलेला चहा संपवला.

खोलीवर गेलो तर खोलीला कुलूप आणि किल्ली माझ्याच खिशात. किल्ली काढायला हात घातला आणि हाताला दोन दगड लागले.

त्या क्षणाचं काय सांगू? मी वाटाड्यासमोर जाऊन दोन्ही दगड पुढे केले. त्यानं त्या बदकाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून गेले होते. मला तो एक शब्द वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

कुवेती भाऊ धावायला निघाले, मीही निघालो. त्यानं आम्हाला दंडाला धरून थांबवलं. धुक्यात शोधायला जायचं नाही, नाहीतर तीन माणसं आणखी हरवतील. एका जागी उभं राहून आवाज करायचा आणि तिला येऊ द्यायचं. हे मी स्वतः शेकडो जणांना शिकवलं आहे. आचाऱ्यानं बिर्याणीचं मोठं पातेलं आणि लोखंडी झारा आणून दिला. भिंतीशी उभा राहून मी तीन ठोके द्यायचो, मग थांबून ऐकायचं. ठोके देताना ठीक होतं. थांबणं सहन होत नव्हतं. खालून पाण्याचा चुळुकचुळुक आवाज जवळ येत होता.

पाचव्या-सहाव्या वेळी थांबलो तेव्हा तिची हाक आली. "अहो." साधी, स्वयंपाकघरातून मारते तशी. पण ती समुद्राकडून आली नाही. पाठीमागून आली, गावाकडून.

मी झारा टाकला. वाटाड्यानं तो उचलून माझ्या हातात परत दिला. "तू ऐकलंस?" मी विचारलं. "तू इथंच उभा राहा," तो म्हणाला. आचारी पातेल्याची कड धरून उभा होता, त्यानं मान खाली घातली होती. पुन्हा आली, "अहो," आता थोडी चिडलेली. माझी सगळी अक्कल सांगत होती, ती चुकून गावात शिरली आहे, त्या भिंत नसलेल्या घरापाशी उभी आहे, जा. मी तीन ठोके दिले. मी रडत होतो आणि ठोके देत होतो.

ती समुद्राकडून आली. आधी लाल डाग, मग स्वेटर, मग ती. गुडघ्यांच्या वरपर्यंत भिजलेली, एका हातात घडीचं स्टूल. ते विसरलं म्हणूनच ती अर्ध्या वाटेतून मागे फिरली होती. नर्सबायांनी तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. मी नुसताच उभा. दात वाजत असताना ती मला म्हणाली, "अहो, मी भिंतीपर्यंत आले होते हो. हात लावून सगळी भिंत बघितली. माझा दगड नव्हता. म्हटलं, ही आपली भिंत नाही, दुसरीच कुठली तरी आहे. म्हणून परत फिरले."

मी खिशातून दगड काढून तिला दाखवला.

"मग हाक का नाही मारलीस? आणि नंतर गावातून मारलीस ती?"

"मी एकदाही हाक मारली नाही," ती म्हणाली. "मारू नका म्हणाले होते ना."

लाँचवर परतताना धुकं उडालं होतं, बेट स्वच्छ दिसत होतं. खेकड्या तिला दिसला का, हे मला आजही माहीत नाही. सालमिया जवळ आलं तेव्हा तिनं हात पुढे केला. "द्या." मी दगड दिला. हात तसाच राहिला. "कार्डपण." पाकिटाच्या मागच्या कप्प्यातून मी तिचं सिव्हिल आयडी काढलं. इतकी वर्षं तिथं राहून ते चामड्याला चिकटलं होतं, नखानं सोडवावं लागलं.

दगड आता आमच्या दाराशी चपलांच्या स्टँडवर असतो. बाहेर जाताना ती तो तिथं ठेवते, आली की उचलून आत नेते. मी त्याला हात लावत नाही. संध्याकाळी दगड स्टँडवर असतो, आणि जिन्यात पावलं वाजतात, दाराशी येऊन थांबतात. तेव्हा मी तिनं बेल दाबायची वाट बघत नाही. आतूनच तिचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारतो आणि धावत जाऊन दार उघडतो. कधी कधी बाहेर कोणी नसतं. तरी मी हाक मारायची सोडत नाही.