केसांच्या बदल्यात पळी

त्या सकाळी मी बाथरूमच्या दारामागची केसांची पिशवी देऊन टाकली आणि त्या बदल्यात स्टीलची पळी घेतली. बोरिवलीला आमच्या गल्लीत "केस द्या, भांडी घ्या" असं ओरडत एक बाई येते. गळलेल्या केसांची पळी झाली म्हणून मी भलताच खूश. घरात येऊन ती बायकोसमोर नाचवली.

"पिशवी कुठेय?" तिनं विचारलं.

"ही काय!" मी पळी पुढे केली.

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

आमचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं. गेले दोन महिने बायकोचे केस मुठीमुठीनं गळत होते. उशीवर केस, वरणात केस, बाळाच्या मुठीत केस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाळंतपणानंतर होतं असं, थांबेल, परत येतील. पण तिच्या भावाची हळद काही तोवर थांबणार नव्हती. माहेर वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं. तिथं नवरदेवाच्या बहिणीनं भरघोस अंबाड्यावर वेणी माळून मिरवायचं, आणि हिचा अंबाडा लिंबाएवढा झालेला. "मी हळदीला येणारच नाही," असं तिनं सांगून टाकलं होतं. मी समजूत घातली, "माझ्याकडे बघ, माझं कुठं काय अडलं?" टकलाचा हा दाखला तिला अजिबात आवडला नाही.

तोड काढली ती सासूबाईंनी. विंचरताना निघालेला एकेक केस पिशवीत साठवायचा आणि त्याचं गंगावन बांधून अंबाड्यात घालायचं. बाजारातलं नको, परक्या बाईचे केस लेकीच्या डोक्यावर नकोत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असणारच, मी मोबाइलमध्ये असणार.

पळी हातात घेऊन तसाच धावलो. दोन गल्ल्या सोडून, भाजीवाल्याच्या गाडीशी ती बाई सापडली.

"मावशी, माझी पिशवी परत द्या!"

"का हो काका? पळी गळते काय?"

"पळी नाही हो, घरी बायको रडतेय. तिचे केस आहेत ते."

तिनं माझ्या डोक्याकडे एकदा नीट पाहिलं. "तुमचे नाहीत ते कळलंच होतं मला," म्हणाली आणि गोणीचं तोंड सोडलं. आत सगळ्या बोरिवलीचे केस. पण तिनं हात घातला आणि वर आली आमचीच पिशवी, बाळाच्या झबल्याच्या निळ्या नाडीनं बांधलेली, गाठसुद्धा न सुटलेली. भाजीवाल्यासमोर मी पळीला नमस्कार करून ती परत दिली.

सासूबाईंनी केस धुतले, विंचरले, आत थोडी काळी लोकर भरून झकास गंगावन बांधलं. हळदीला अंबाड्यावर वेणी अशी बसली की बायको तास दोन तास खाली बसलीच नाही. मी बाळाला खांद्यावर घेऊन कोपऱ्यात उभा होतो आणि कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेत होतो.

घरी आल्यावर तिनं आरशासमोर गंगावन सोडलं. कपाळाशी बोटभर नवे केस उभे राहिले होते, ते तिनं मला दाखवले. मग गंगावन मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवलं आणि म्हणाली, "माझे उगवायला लागलेत रे. हे जपून ठेवते, तुला लागेल."