बिनभात्याची पेटी

अख्ख्या वऱ्हाडात संगणकाला दटावून वठणीवर आणणारा माणूस एकच झाला, तो म्हणजे आमचे मामा. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात कापूस पिकवायचे आणि गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवायचे. पेटी कुणी नुसती सरकवली तरी तान्हं बाळ पायाला धरून उचलल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. अर्धांगवायूनं डावा हात लुळा पडला, तेव्हा डॉक्टरांना त्यांचा पहिला प्रश्न होता, "अन् भाता कोण हालवन?" मामी हलवतील, असं मंडळी म्हणाली, तर मामा उसळले. "वाजवणं मायं अन् दम तिचा, हे कसं जमन?"

मी तेव्हा अमरावतीला नोकरीला होतो. माझ्या जुन्या, थकलेल्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून मी फुकटचं लिनक्स चढवलं, पियानोचा एक फुकटचा प्रोग्रॅम टाकला आणि तो मामांना नेऊन दिला. कळ दाबली की सूर; एका हाताचं काम. मामांनी लेकीच्या नेलपॉलिशनं कळांवर सा रे ग म लिहून टाकलं. इंग्रजीचा गंध नसताना काळ्या खिडकीत टाइप करायच्या आज्ञा त्यांनी अभंगासारख्या पाठ केल्या. एखादं अक्षर चुकलं की पडद्यावर इंग्रजीत तक्रार उमटे, आणि मामा तिला सांगत, "बोल, बोल. मले समजत नाही, तुयंच नुकसान."

आठवड्यानं फोन आला. "काहून बाप्पा, बोट इथं अन् सूर छोट्या लाइनच्या रखडत्या गाडीनं येऊन राहिला?" कळ दाबणं आणि आवाज येणं यांत पापणी लवेल एवढंच अंतर होतं, मला तर ते कळलंही नव्हतं. प्रोग्रॅममधला एक आकडा कमी केला की सूर लवकर येतो, पण फार कमी केला तर तडतडतो, एवढं मी सांगितलं. मामांनी आठ दिवस खपून तो आकडा असा बसवला, की आमच्या ऑफिसातल्या संगणकवाल्यानं ते ऐकून हात जोडले.

या सगळ्या घाईला कारण होतं. ते दिवस वाईट होते; कापूस बुडालेला, कर्जं डोक्यावर. गावात माणसं अवेळी जात होती, आणि तेरवीला त्या घरी मंडळानं भजन करायचं हे ठरलेलं. "तिथं पेटीशिवाय जाऊ नये," मामा म्हणत. "रडनाऱ्याले सुराचा टेका लागते."

लॅपटॉप घेऊन ते पहिल्यांदा गेले ते एका तरुण शेजाऱ्याच्या तेरवीला. मीच तो मंडळाच्या स्पीकरला जोडून दिला. मामांनी सूर दिला, स्वच्छ, वेळेवर. पण भजन सांगणाऱ्या बुवांनी तोंड उघडलं नाही. टाळकरी थांबलेले. पुन्हा सूर, पुन्हा शांतता. भात्याचा उसासा ऐकला की गाणं उचलायचं, ही मंडळाची तीस वर्षांची सवय. लॅपटॉपला उसासा कुठला? समोर ओट्यावर त्या पोराची आई कोरड्या डोळ्यांनी बसलेली. मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी माईक तोंडाजवळ ओढला, सगळ्यांना ऐकू जाईल असा छातीभर श्वास घेतला आणि कळ दाबली. अख्खं मंडळ एकदम गाऊ लागलं. दुसऱ्या ओळीला त्या माउलीला रडू फुटलं.

त्यानंतर मामा प्रत्येक ओळीआधी तसाच श्वास घेत.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. एका भजनाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यातला पियानो कुणाच्याही लॅपटॉपवर तसाच वाजेल. श्वास तेवढा मामांचा आहे. फार आठवण आली की मी तो ऐकतो, आणि गाणं सुरू व्हायच्या आत बंद करतो.